बुऱ्हाणपूर इथून जवळ आहे

वडनेर भोलजी,
ता. नांदुरा, जि. बुलढाणा

चि. बाळ,


फोनवर तुझं-माझं बोलणं दोन वाक्यांपुढे जात नाही. मी तोंड उघडलं की तू म्हणतोस, 'काका, तुम्हाला इतिहास माहीत नाही,' आणि ठेवून देतोस. पत्र मधेच कट करता येत नाही, म्हणून हे लिहितोय. तुझी आईही म्हणाली, 'तुमीच लिहा त्याले, तुमचं तरी आयकते तो.' तुझ्या बापाला यातलं काही सांगितलेलं नाही. त्याला सोयाबीनच्या भावाचा घोर पुरेसा आहे.

सरळ मुद्द्यावर येतो. संभाजीराजांवरचा 'छावा' सिनेमा बघितल्यापासून तू बदललास असं घरात सगळ्यांना वाटतं. स्टेटसवर तलवारी आल्या, त्याला कुणाची हरकत नाही. पण इथल्या शाळेत ज्याच्या शेजारी एका बाकावर बसलास, ज्याच्या घरून दर ईदला शीरखुर्म्याचा डबा आपल्याकडे येतो, त्याला तू मित्रांच्या ग्रुपमधून काढून टाकलंस. उन्हाळ्यात गावी आलास तेव्हा हायवेच्या फाट्यावर तो समोर उभा असताना मान फिरवून निघून गेलास. हे त्यानंच मला सांगितलं, आणि तेही हसत हसत. म्हणाला, 'काका, औरंगजेबाचा हिशोब तो मलेच मांगून राह्यला काय?' मला काही हसू आलं नाही.

आता तुला वाटेल, म्हातारा सिनेमाला नावं ठेवणार. मुळीच नाही. मीही तो मलकापूरला जाऊन पाहिला. शेवटच्या अर्ध्या तासात माझ्याही डोळ्यांना धार लागली. शेजारी एक अनोळखी बाई पदर तोंडात धरून रडत होती, तिच्या पलीकडचा पोरगा मुठी आवळून बसला होता. आपल्या जिल्ह्यात सिंदखेडराजा आहे. जिजाऊंच्या नातवाचे औरंगजेबानं केलेले ते हाल बघून ज्याला काही होत नाही, तो या मातीतला नाही असं मीसुद्धा म्हणेन. तुझ्या रडण्याशी माझं भांडण नाही. रडून बाहेर आल्यावर तू कुणाकडे बघून दात-ओठ खाल्लेस, तेवढ्याबद्दलच मला बोलायचं आहे.

तुला माहीतच आहे, शेती अंगावर पडायच्या आधी मी टुरिंग टॉकीजमध्ये होतो. आधी तंबूचे खुंटे ठोकणारा, मग ऑपरेटरच्या हाताखालचा पोऱ्या, मग ऑपरेटर. जत्रा तिथे आमचा मुक्काम. प्रोजेक्टर एकच असायचा, म्हणून रीळ संपलं की दिवे लागायचे आणि दुसरं रीळ चढेपर्यंत लोक ओरडायचे. कार्बनच्या कांड्या जळत राहायच्या, त्यांच्यातलं अंतर सारखं हातानं सांभाळावं लागायचं, नाहीतर पडद्यावरची हिरॉईन पिवळी पडायची. तोच सिनेमा रोज दोनदा चालवणारा माणूस चार दिवसांनी पडद्याकडे बघायचं सोडतो आणि समोर बसलेल्या माणसांकडे बघायला लागतो. माझं सगळं शिक्षण असं तंबूच्या मागच्या टोकाला उभं राहून झालं. सिनेमा माणसाला काय करतो, हे मी तिथून पाहिलंय.

'जय संतोषी मां' मुंबईत लागला १९७५ च्या मे महिन्यात. 'दीवार' आणि 'शोले'चंही तेच वर्ष. आमच्याकडे रिळांची पेटी यायला बराच उशीर झाला, पण आली ती देवीची स्वारी यावी तशी. पहिल्याच शुक्रवारी बायांनी तंबूच्या दाराशी चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. तिकिटाच्या खिडकीपाशी कुणीतरी देवीचा फोटो आणून ठेवला, त्याच्यापुढे उदबत्ती लागली. उषा मंगेशकरांच्या आवाजातली आरती सुरू झाली की लोक उभे राहायचे, पडद्यावर नाणी फेकायचे, नारळ फुटायचे. शो संपला की मालक आधी नाणी वेचायला पोरं पाठवायचा आणि मगच दिवे मालवायचा. त्यानं त्या हंगामात नवी ताडपत्री घेतली.

देशभर हेच चाललं होतं. आणि गंमत बघ, या देवीचं नाव आपल्याकडे त्याआधी फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं. उत्तरेकडे तिच्या व्रताच्या छोट्या पोथ्या होत्या, एखाद-दुसरं देऊळ होतं, एवढंच. पुराणात तिचा पत्ता नाही. राखीपौर्णिमेला गणपतीच्या मुलांना बहीण हवी म्हणून गणपतीनं तिला निर्माण केलं, ही कथा लोकांच्या मनात बसली ती पडद्यावरून. देवीचं काम करणाऱ्या अनिता गुहा स्वतः सांगत, की ही भूमिका येईपर्यंत त्यांनी या देवीचं नाव ऐकलं नव्हतं. आणि लोक त्यांच्या पाया पडायला यायचे! वर्ष-दोन वर्षांत आपल्या वडनेरात घरोघर सोळा शुक्रवार सुरू झाले. गूळ-फुटाण्यांचा नैवेद्य आणि त्या दिवशी आंबट बंद. वऱ्हाडातल्या माणसाला कढीशिवाय राहायला लावणं ही काही सोपी गोष्ट नव्हे. तुझ्या आजीनं ते केलं, उद्यापनही केलं.

हे असं का झालं, यावर मी रीळ गुंडाळता गुंडाळता पुष्कळ विचार केला. त्याच तंबूत सिनेमाआधी सरकारी माहितीपट दाखवावा लागायचा. तो सक्तीचाच असे. आणीबाणीचे दिवस, त्यामुळे कुटुंबनियोजनाचे बोधपट यायचे. ते सुरू झाले की गडी माणसं बिडी ओढायला बाहेर जायची. म्हणजे सरकारनं इतका पैसा खर्चून, इतकं समजावून माणूस तसूभर हलला नाही, आणि कमी पैशात काढलेल्या एका सिनेमानं घराघरातली शुक्रवारची भाजी बदलली. देवीच्या सिनेमानं उपदेश केलाच नव्हता. त्यानं जावांच्या छळात पिचलेली एक सून दाखवली. तंबूतल्या निम्म्या बायांना ती आपणच आहोत असं वाटलं, आणि मग ती ज्या देवीचा धावा करते ती देवीही आपलीच झाली. त्यात आपल्याकडे श्रावणी शुक्रवार होताच, जिवतीची पूजा होती, सवाष्णींना दूध-फुटाणे देणं होतं. जुन्या सवयीच्या जागेवर नवी देवी येऊन बसली आणि कुणाला ती नवी वाटलीच नाही. (उपदेशानं कुणी हलत नाही हे मला ठाऊक असूनही मी तुला हे लांबलचक पत्र लिहितोय, ही गोष्ट वेगळी.)

तेव्हा तुला 'छावा'नं धरलं यात तुझा मूर्खपणा नाही. भारतात सिनेमा जन्मल्यापासून असंच चाललंय. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली 'लंकादहन' काढला. पडद्यावर प्रभू रामचंद्र आले की प्रेक्षक पायातलं काढून ठेवायचे. आता तो राम कोण? साळुंके नावाचा नट. आणि सीता? तीही साळुंकेच. बाई काम करायला मिळत नव्हती, म्हणून एकाच गड्यानं दोन्ही सोंगं घेतली होती. हात जोडणाऱ्याला त्याची फिकीर नव्हती.

त्याहून मजेदार गोष्ट 'संत तुकाराम'ची. प्रभातचा हा चित्रपट १९३६ चा, दामले-फत्तेलालांचा. व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीसांनी तुकोबा असे उभे केले की पुढे छापलेल्या चित्रांतल्या तुकोबांनाही पागनीसांचा चेहरा आला. त्या सिनेमात बीज, रोप आणि झाड यांचं एक पद आहे. ते शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलं. पण ते इतकं बेमालूम उतरलं की जाणत्या लोकांनीसुद्धा ते गाथेत शोधलं म्हणतात. आजही भजनात कुणी ते तुकोबांचंच समजून गातं. मी भजनात बसतो तेव्हा टोकत नाही. त्यानं कुणाचं काही वाईट होत नाही, आणि तुकोबांना राग येईल असंही मला वाटत नाही.

इथं जरा थांब. संतोषी मातेनं कढी बंद केली, आठवल्यांच्या पदानं गाथेत एक पद वाढवलं. कुणाचं बिघडलं? कुणाचंच नाही. म्हणून मी सिनेमातून आलेल्या प्रत्येक समजुतीच्या मागे काठी घेऊन लागत नाही. जिची किंमत ज्याची त्यानं स्वतःच्या ताटातून चुकती करायची, ती समजूत बाळगायला माझी ना नाही. पण जिची किंमत दुसऱ्यानं, शेजारच्यानं, बाकावरच्या मित्रानं चुकवायची, ती मात्र बाळगण्याआधी चार ठिकाणी तपासावी लागते.

आता 'छावा'कडे येतो. सिनेमा सुरू होतो तो बुऱ्हाणपूरच्या लुटीनं. बुऱ्हाणपूर म्हणजे काही दिल्ली नव्हे. मलकापूरहून उत्तरेला निघालं की दीड-दोन तासांत पोचतो. तिथल्या बाजारात बरेच लोक मराठी बोलतात. आपल्यापैकी किती जणांच्या सोयरिकी तिकडे आहेत! सिनेमा लागला १४ फेब्रुवारी २०२५ ला, मध्य प्रदेशात तो करमुक्त झाला आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात बुऱ्हाणपूरच्या पलीकडे, असीरगडाच्या पायथ्याशी, लोक रात्री बॅटऱ्या, कुदळी, चाळण्या घेऊन शेतं खणायला लागले. काहींच्या हातात मेटल डिटेक्टर होते. मोगलांच्या सोन्याच्या मोहरा तिथे पुरलेल्या आहेत अशी आवई उठली. हायवेच्या कामाची माती एका शेतात पडली होती, त्यात नाणी सापडली असं कुणी म्हणालं, आणि सिनेमातला खजिना सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ताजा होता. शेवटी पोलीस बसवावे लागले. ज्याच्या शेताचे खड्डे झाले, त्या शेतकऱ्याचा विचार कर. रब्बीच्या दिवसांत आपल्या वावरात असे शेकडो लोक घुसले तर तुझा बाप काय करेल?

त्यातल्या एकानंही घरी बसून पाच मिनिटं डोकं चालवलं असतं तरी कुदळ खाली ठेवली असती. संभाजीराजांचा राज्याभिषेक १६ जानेवारी १६८१ चा. पंधरवड्याच्या आत मराठ्यांनी बुऱ्हाणपूर गाठलं. शहराबाहेरचे श्रीमंत पुरे, त्यातला मुख्य बहादूरपुरा, तीन दिवस लुटले. तटाच्या आतलं शहर हाती आलं नाही. आणि लूट घेऊन फौज साल्हेरकडे, म्हणजे नैर्ऋत्येला गेली. असीरगड आहे बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला. तिथे त्या लुटीतलं काय राहणार? हो, बुऱ्हाणपूरला मोगलांची टांकसाळ होती, त्यामुळे त्या भागात अधूनमधून जुनं नाणं निघतं हे खरं आहे. पण निघालं तरी ते खणणाऱ्याला गुपचूप खिशात टाकता येत नाही. १८७८ चा कायदा आहे, अजून चालू आहे. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही पुरलेलं सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं. म्हणजे सगळं खरं धरलं तरी रात्रभर खणून पहाटे कलेक्टर कचेरीची पायरी चढायची!

तुला त्या खणणाऱ्यांचं हसू येईल. मलाही आलं. पण त्यांनी मातीतच कुदळ मारली. तू माणसावर मारलीस.

आणखी एक बघ. सिनेमात ही मोहीम स्वतः राजे आघाडीला राहून मारतात. बहुतेक इतिहासकार ती सरनोबत हंबीरराव मोहित्यांच्या नावे सांगतात. दिग्दर्शकानं हे बदललं म्हणून मी त्याला दोष देत नाही. नायकाला दीड तास थांबवून ठेवून सिनेमा चालत नाही, हे मी तंबूत शिकलोय. कादंबरीवरून काढलेला सिनेमा आहे, शिवाजी सावंतांच्या, आणि तसं त्यांनी सुरुवातीलाच लिहून दाखवलंय. पण ती पाटी येते तेव्हा आपण पॉपकॉर्न सांभाळत खुर्ची शोधत असतो.

लेझीमचं प्रकरण तर तुझ्या डोळ्यांसमोर घडलं. जानेवारीत ट्रेलर आला, त्यात राजे लेझीम खेळतात. लोकांनी आक्षेप घेतला, निर्मात्यांनी ते दृश्य काढून टाकलं. फेब्रुवारीत तू पाहिलास तो सिनेमा लेझीमशिवायचा. तेवढ्या तीन आठवड्यांत सतरावं शतक तर बदललं नव्हतं ना? मग शिर्क्यांचे वंशज पुढे आले, गणोजी-कान्होजींना फितूर दाखवलं म्हणून नोटीस दिली, दिग्दर्शकानं दिलगिरी व्यक्त केली. म्हणजे ज्यांना बोलता आलं, ज्यांच्या मागे माणसं होती, त्यांच्या तक्रारीनं सिनेमा वाकला. तुझ्या मित्रानं कुणाला नोटीस द्यायची?

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. तू पुण्यात राहतोस. जंगली महाराज रस्त्यावर संभाजी उद्यान आहे. तिथे राम गणेश गडकऱ्यांचा अर्धपुतळा होता. ३ जानेवारी २०१७ च्या पहाटे काही तरुणांनी तो उखडून मुठेत टाकला. कारण गडकऱ्यांचं 'राजसंन्यास' नाटक. ते अपुरंच राहिलं. गडकरी १९१९ मध्ये आपल्याच विदर्भात, सावनेरला गेले. पण त्या नाटकातले संभाजीराजे बघून-वाचून मराठी माणसानं वर्षानुवर्षं ठरवून टाकलं, की शिवाजीराजांचा मुलगा बदफैली होता. नाटकं तशी, कादंबऱ्या तशा, सिनेमेही त्यातलेच. भालजी पेंढारकरांनी १९४१ साली 'थोरातांची कमळा' काढला. संभाजीराजांशी नाव जोडलेली ती कमळा इतिहासात टिकत नाही, पण पडद्यावर ती भलतीच टिकली. माझ्या लहानपणी गावातले वडीलधारे संभाजीराजांचं नाव निघालं की हळहळायचे. 'बापाची सर नाही' म्हणायचे. त्यांना हे कुणी शिकवलं? थिएटरनं.

आणि ते पुसलं कुणी? वासुदेव सीताराम बेंद्रे नावाच्या माणसानं. आयुष्याची कित्येक वर्षं त्यांनी दप्तरं चाळण्यात घातली. १९६० साली 'छत्रपती संभाजी महाराज' हा ग्रंथ काढला. वढू बुद्रुकची समाधी हीच महाराजांची, हे लोकांपुढे आणण्यातही त्यांचाच हात. मग कमल गोखल्यांचं 'शिवपुत्र संभाजी' आलं. नऊ वर्षं औरंगजेबाशी झुंजलेला, संस्कृतात 'बुधभूषण' लिहिणारा राजा आपल्याला परत मिळाला तो असा, कागदपत्रांतून. त्यानंतर कादंबरी, आणि सगळ्यांच्या शेवटी हा सिनेमा. ज्या राजासाठी तू रडलास तो पडद्यानं एकदा आपल्यापासून हिरावून नेला होता. आज पडदा त्याची बाजू घेतोय म्हणून पडद्यालाच पुरावा मानायचं? उद्या त्यानं परत पलटी मारली तर तू काय करशील? गडकऱ्यांचा पुतळा पाडणाऱ्यांनाही मी हेच विचारलं असतं. नाटक चुकीचं वाटलं तर बेंद्र्यांचा ग्रंथ होता. त्यानं गडकऱ्यांचं नाटक कधीच निकालात काढलं होतं. पुतळ्यानं काय केलं होतं?

परदेशातही हा रोग जुनाच. अमेरिकेत १९१५ साली ग्रिफिथ नावाच्या मोठ्या दिग्दर्शकानं 'द बर्थ ऑफ अ नेशन' काढला. त्यात तोंडावर बुरखे घेऊन काळ्या माणसांना मारणारी कू क्लक्स क्लॅन ही टोळी त्यानं शूर शिपायांसारखी रंगवली. ती टोळी कधीच मोडली होती. सिनेमा आला त्याच वर्षी ती पुन्हा उभी राहिली, आणि लाकडी क्रूस पेटवायला लागली. जुनी टोळी क्रूस पेटवत नव्हती. ती कल्पना एका कादंबरीकाराची, तिथून ती सिनेमात आली आणि सिनेमातून खऱ्या माणसांच्या दारापुढे पेटली. आपल्याकडे आरतीचं ताट आलं, तिकडे पेटता क्रूस आला. रस्ता एकच.

नागपूरचं तू पेपरात वाचलंच असशील. २०२५ च्या १७ मार्चला औरंगजेबाच्या कबरीवरून तिथे दंगल पेटली, नंतर एक जखमी माणूस दवाखान्यात दगावला. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत 'छावा'चं नाव घेतलं, त्यामुळे लोकांचा राग उफाळून आला असं म्हणाले. सिनेमानं दंगल केली असं मी म्हणणार नाही. अफवा होती, मोर्चे होते, प्रत्येकाची आपापली पोळी होती. पण लोकांच्या आत काहीतरी आधीच तापलेलं असलं की पडदा त्याला एक चेहरा देतो. एकदा चेहरा मिळाला की तो शेजाऱ्याच्या चेहऱ्याशी जुळवून बघायला वेळ लागत नाही.

सिनेमातलं काय उचलायचं हे आपणच ठरवतो, हेही खरं. 'सैराट' आला तेव्हाचं आठवतं? २०१६. तुझी बहीण तेव्हा कॉलेजात जायची. पोरांनी त्यातला पहिला भाग उचलला, विहिरीत उड्या आणि बुलेट. बापांनी शेवटचा उचलला आणि पोरींच्या मागे पाळत लावली. तुझ्या बापानंही तिचं खामगावचं जाणं बंद करायचं काढलं होतं, मी आडवा पडलो. मधला हैदराबादचा भाग कुणीच उचलला नाही. झोपडपट्टीतली खोली, डोशाची गाडी, संशय, एक थप्पड, तिचं निघून जाणं आणि परत येणं. नागराज मंजुळेंनी खरं काय ते तिथेच सांगितलं होतं. लग्न करणाऱ्या प्रत्येक पोरा-पोरीनं तेवढा भाग दोनदा बघावा.

तुझ्याकडून मला फार काही नको. स्टेटस काढू नकोस, तलवार राहू दे. पण जो इतिहास तू माझ्या तोंडावर फेकतोस, तो जरा वाच. आपल्याच सिंदखेडराजाचे लखुजी जाधव, जिजाऊंचे वडील, काही काळ मोगलांच्या चाकरीत होते, आणि १६२९ मध्ये त्यांना दौलताबादला दगा देऊन मारलं ते निजामशहानं. औरंगजेबाचा मुलगा अकबर बापाविरुद्ध उठून आसऱ्याला आला तो संभाजीराजांकडे. शिवाजीराजांना पुरंदरच्या तहावर आणणारे मिर्झाराजे जयसिंग रजपूत होते, आणि ते वारले कुठे? याच बुऱ्हाणपुरात. आता यात आपला कोण आणि परका कोण, ते धर्म बघून एका रात्रीत ठरवून दाखव. अडीच तासांच्या सिनेमाला हे जमणार नाही, त्याला दोनच बाजू परवडतात. तुला तसं बंधन नाही. तुझ्यापुढे सगळं आयुष्य पडलंय, आणि पुण्यात ग्रंथालयांना तोटा नाही.

आणि मित्राला फोन कर. माफी वगैरे मागायचं नाटक नको. तुम्ही पोरं तशीही एकमेकांना माफ करत नाही, शिव्या देता. तेच कर.

दिवाळीला महाराष्ट्र एक्स्प्रेसनं ये, मलकापूरला उतर. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी बुऱ्हाणपूरला जायचं मी ठरवून टाकलंय. शाही किल्ला बघू, बहादूरपुऱ्यात चक्कर टाकू, वेळ उरला तर असीरगड चढू. तुमच्या दोघांच्या जिवावर मीही चढेन. गाडी तुझ्या त्या मित्राचीच आहे. भाड्याचं बोललो तर रागावला, म्हणून डिझेल मी भरणार आहे. त्याला सांगितलंय की तूही येतोयस. 'येऊ द्या' म्हणाला, दुसरं काही बोलला नाही. पुढच्या सीटवर कोण बसणार ते तुमचं तुम्ही ठरवा, मी मागे आडवा होणार आहे.

येताना अप्पा बळवंत चौकात बेंद्र्यांचं पुस्तक मिळतं का बघ. नवं नसेल तर जुनं चालेल. पावती ठेव, पैसे देईन.

तुझा,
काका